डिस्कच्या रांगेत आधी नंबर कुणाचा?

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज नंदुरबार जिल्ह्यात दाखला, शिष्यवृत्ती, रेशन यांपैकी कुठलंही काम काढा, मध्ये कॉम्प्युटर येतोच. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी उसळली आणि सेतू केंद्रातलं यंत्र रेंगाळू लागलं, की तर्कवितर्क सुरू होतात. खरी भानगड पुष्कळदा डिस्कपुढच्या रांगेत असते. त्या रांगेबद्दलचे हे काही गैरसमज.

गैरसमज १ : कॉम्प्युटर अडला म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’.

वस्तुस्थिती : कधी कधी ते खरंही असतं. आधारची डेटा सेंटर बेंगळुरू आणि मानेसरला आहेत. तिथवरची लाइन अडू शकते. पण कॉम्प्युटरमधलीच साधी फाइल उघडायला मिनिट लागत असेल, तर संशय हार्ड डिस्कवर घ्यावा. टास्क मॅनेजरमधल्या ‘डिस्क १००%’ चा अर्थ डिस्क भरली असा नाही, ती भरपूर माहिती वाहते आहे असाही नाही. तिला क्षणाची उसंत नाही, एवढंच त्यातून कळतं. हार्ड डिस्कच्या आतल्या, मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. माहिती वाचणारं-लिहिणारं हेड चकतीवर सरकायचा वेळ वेगळाच. नोंदी विखुरलेल्या असतील तर सेकंदाला जेमतेम शंभरेक कमांड, म्हणजे वाचायच्या-लिहायच्या मागण्या, उरकतात. अँटिव्हायरस, बॅकअप आणि अर्ज भरण्याचं काम एकदम सुरू झालं, की रांग लागणारच.

गैरसमज २ : आधी येईल त्याचं काम आधी, हाच खरा न्याय.

वस्तुस्थिती : नंदुरबारहून शहाद्याला निघालेली एसटी रस्त्याच्या क्रमाने प्रवासी घेते. वाटेतल्या प्रकाशा गावचा प्रवासी पहाटेच येऊन थांबलाय म्हणून आधी त्याला घ्यायचं आणि मग अलीकडच्या थांब्याला परतायचं, असं ती करत नाही. डिस्कच्या कमांडही अशाच जागेनुसार लावतात, नाहीतर हेडची निम्मी धावपळ वाया जाते आणि सगळ्यांनाच उशीर होतो. मात्र जवळच्या कमांड येतच राहिल्या, तर लांबची ताटकळत राहील. त्यावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘डेडलाइन’ शेड्युलरने, म्हणजे कमांडचा क्रम लावणाऱ्या भागाने, मुदतीचा उपाय काढला: वाचनाला अर्धा सेकंद, लेखनाला ५ सेकंद. मुदत उलटलेल्या कमांडकडे आधी वळायचं. काम इतक्या वेळात होईलच, अशी हमी मात्र ही मुदत देत नाही.

गैरसमज ३ : वाचनाला झुकतं माप देणं हा पक्षपात.

वस्तुस्थिती : फाइल वाचणारा प्रोग्राम माहिती हातात येईपर्यंत पुढे सरकू शकत नाही, समोरचा माणूसही तोवर थांबतो. लिहायची माहिती मात्र बहुधा आधी मेमरीत जमते आणि सवडीने डिस्कवर उतरते, त्यामुळे थोडा उशीर तिला चालतो. तरी लेखनाची उपासमार होऊ नये म्हणून वाचनाने किती वेळा पुढे घुसायचं याला मर्यादा घातलेली असते.

गैरसमज ४ : प्रत्येक प्रोग्रामला सारख्या कमांड दिल्या की वाटणी समान.

वस्तुस्थिती : एक कमांड ४ केबीची, दुसरी ५१२ केबीची, नुसती संख्या मोजून न्याय कसा होणार? २००६ मध्ये लिनक्समध्ये मुख्य शेड्युलर झालेला ‘सीएफक्यू’ प्रत्येक प्रोग्रामला डिस्कच्या वेळेचा वाटा देई. २०१७ मध्ये दाखल झालेला ‘बीएफक्यू’ डिस्कचे किती सेक्टर, म्हणजे छोटे भाग, वाचायचे-लिहायचे याचं बजेट ठरवून देतो. ते संपलं की पाळी दुसऱ्याची.

गैरसमज ५ : ऑपरेटिंग सिस्टीमने लावलेला क्रम शेवटचा.

वस्तुस्थिती : सटा जोडणीची डिस्क एका वेळी ३२ पर्यंत कमांड स्वतःकडे घेऊन त्यांचा क्रम बदलू शकते. चकती या क्षणी कुठे आहे, हे तिलाच ठाऊक असतं. पण एकाच प्रोग्रामने त्या ३२ जागा अडवल्या, तर वर आखलेला न्याय खाली पोचत नाही. म्हणून काही शेड्युलर मुद्दाम हात आखडता घेतात आणि थोड्याच कमांड खाली सोडतात.

गैरसमज ६ : एसएसडी बसवली की रांगेचा प्रश्नच मिटला.

वस्तुस्थिती : एसएसडी माहिती चिपमध्ये ठेवते; फिरती चकती नाही, सरकणारं हेड नाही, त्यामुळे जागेनुसार क्रम लावण्याची गरज जवळजवळ संपते. एसएसडी जोडण्याच्या एनव्हीएमई पद्धतीत तर हजारो रांगांची सोय आहे आणि लिनक्स अशा डिस्कला बहुधा शेड्युलरच लावत नाही. तरीही मोठं लेखन चालू असताना वाचन रखडू शकतं. वाटणीचा प्रश्न उरतोच, फक्त तो क्वचित जाणवतो.

म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरच काम भागवायचं असेल, तर अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी आणि बॅकअप केंद्र बंद झाल्यानंतरच्या वेळेला लावावेत. शेड्युलर रांगेतला क्रम सुधारतो, डिस्कचा वेग वाढवत नाही; गर्दीच्या वेळी रांगच आखूड ठेवणं आपल्या हातात आहे.