सूर ओळखण्यापासून चाल बांधण्यापर्यंत

तार छेडली की ती कंप पावते. सेकंदाला कंपने जितकी जास्त, तितका सूर चढा. स्वराच्या या उंचीला शास्त्रात तारता म्हणतात. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे 262 कंपनांची असते आणि वरच्या सप्तकातली तीच पट्टी बरोबर दुप्पट. पण मुलांनी असले आकडे पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. कोणत्याही पट्टीला ‘सा’ मानता येते. बाकीचे स्वर त्याच्यापासून किती दूर, यावर सगळे गाणे उभे राहते.

हे अंतर डोळ्यांनीही दिसते. फळीवर 36 इंच लांबीची तार ताणावी आणि खाली सरकती घोडी ठेवावी. मोकळ्या तारेचा सूर सा धरला, तर तारेचा 27 इंच भाग वाजवल्यावर मध्यम, 24 इंचांवर पंचम आणि निम्म्यावर, म्हणजे 18 इंचांवर, तार षड्ज मिळतो. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेची लांबी मोजूनच स्वरांच्या जागा सांगितल्या होत्या. काचेच्या बाटल्यांचा प्रयोग अधिक मजेचा. पाणी भरलेल्या बाटलीवर काडी मारली तर पाणी वाढेल तसा सूर उतरतो, जलतरंगासारखा. त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर मात्र पाणी वाढेल तसा सूर चढतो, कारण आता कंप पावते ती आतली हवा, आणि तिची जागा कमी होत जाते. वर्गात यावरून हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा.

कान तयार होतो तो तानपुऱ्यावर. पेटी सोयीची, पण तिचे स्वर सप्तकाच्या बारा समान भागांवर बसवलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या झंकारात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण 14 भागांनी. पेटीत मींडही निघत नाही. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे असेच आक्षेप होते. शाळेत एवढे सोवळे पाळण्याची गरज नाही. ‘सा’ पेटीवर घ्यावा आणि बाकीचे स्वर गळ्याने शोधावेत.

चाल बांधायला भूप उत्तम. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम-निषाद नसल्याने शेजारच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अवघड अंतर कुठेच येत नाही. कहरव्याच्या आठ मात्रांत ‘सा रे ग प, ग रे सा रे’ अशी ओळ म्हटली की ती रिषभावर अधांतरी राहते. पुढची ओळ ‘सा रे ग प, ग रे सा –’ अशी संपवली की चाल घरी येते. न्यासाचा स्वर कोणता, यावर किती अवलंबून असते ते मुलांना इथे व्याख्येवाचून कळते. तिसरी ओळ तार षड्जावरून, ‘सां ध प ग’ अशी, खाली आणली की अंतरा सुचू लागतो.

खरी गंमत मूर्च्छनेत आहे. भूपाचे तेच पाच स्वर ठेवावेत, पण तानपुरा त्यातल्या गंधाराला लावून त्यालाच सा मानावे. आता कानावर मालकंसाचे स्वर येतात. पंचमाला सा मानले तर दुर्गाचे, धैवताला मानले तर धानीचे. सूर एकही बदललेला नसतो, बदललेले असते फक्त नाते. अर्थात केवळ स्वर जुळले म्हणून राग होत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तर एकच आहेत. पण विद्यार्थ्याला स्वतःची चाल वेगळ्या ‘सा’वरून ऐकायला मिळते, आणि एका चालीतून दुसरी निघते.

मग ती लिहून ठेवावी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब देतात. कागद दुसऱ्या मुलाच्या हाती द्यावा. त्याने तीच चाल गायली तर लेखन बरोबर. भलतीकडेच गेला, तर बहुधा एखादे टिंब राहिलेले असते.