वसतिगृहातील जिना आणि मैत्री

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी असंख्य मुलेमुली घर सोडून परगावच्या वसतिगृहांत दाखल होतात. शेकडो समवयस्कांत राहूनही त्यांपैकी काही एकाकी पडतात. आपण त्याचे खापर त्यांच्या बुजरेपणावर फोडतो. परंतु काही दोष इमारतीचाही असतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत वसविली. तेथे मैत्री कशी जुळते, याचा अभ्यास फेस्टिंगर, शाख्टर व बॅक या संशोधकांनी १९५० साली ग्रंथरूपाने मांडला. दुमजली इमारतींत एकाच मजल्यावरील लगतच्या शेजाऱ्यांत मैत्रीचे प्रमाण शेकडा ४१ होते. मजल्याच्या दोन टोकांस राहणाऱ्यांत ते अवघे शेकडा १० भरले. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावरही स्नेही होते. उलट ज्या घरांची तोंडे आतील अंगणाऐवजी रस्त्याकडे होती, तेथील कुटुंबांना इतरांच्या निम्म्याहूनही कमी मित्र लाभले.

याचे कारण साधे आहे. ओळख ही बहुधा ठरवून होत नाही. जातायेता तोच चेहरा पुनःपुन्हा दिसतो. पहिल्या दिवशी नुसती मान हलते, आठवड्याने ‘जेवलास का?’ असा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंना बंद दारे असलेल्या अरुंद, अंधाऱ्या बोळात मात्र पाऊल थबकतच नाही.

पुण्यात १९२७ साली जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी हे मर्म ओळखले होते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची रचना करताना त्यांनी तेथील मार्गिका केवळ ये-जा करण्यासाठी ठेवल्या नाहीत. त्या प्रशस्त केल्या, कोठे उघड्या तर कोठे वेलींच्या छायेत ठेवल्या आणि वाटेत बसण्याच्या जागा योजिल्या.

नवी इमारत बांधणे प्रत्येक संस्थेस शक्य नाही. तथापि जिन्याच्या वळणावर एक बाक, पिण्याच्या पाण्यापाशी थोडी मोकळी जागा, वर्तमानपत्रांचे एक लांब मेज, एवढे तर जमेल! बुजऱ्या मुलास तेथे उभे राहण्यास काही निमित्त हवे असते. पाणी किंवा वर्तमानपत्र ते निमित्त पुरविते. संभाषण त्यामागून येते.

खोल निराशेत बुडालेल्या विद्यार्थ्यास बाक पुरेसा नाही. त्यास जाणत्या माणसाचीच मदत हवी. परंतु तो कित्येक दिवस दिसला नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात येण्यासाठी आधी तो रोज कोणाच्या तरी दृष्टीस पडला पाहिजे. म्हणून पाल्याचे वसतिगृह पाहावयास जाल तेव्हा खोलीबरोबर जिना आणि अंगणही अवश्य पाहा.