ऑइल पंप बदलायचा की जुनाच बसवायचा?

गॅरेज टाकायचं ठरवलं असेल, तर ही वेळ तुमच्यावर येणारच. टेम्पोचं इंजिन पूर्ण खोललंय. क्रँक ग्राइंडिंगला गेलाय. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सगळं नवीन येणार आहे. एस्टिमेट गिऱ्हाइकाच्या अंदाजापेक्षा आधीच वर गेलंय. आणि जुना ऑइल पंप हातानं फिरवला तर मस्त फिरतोय. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, चालतोय ना हा? मग राहू द्या की."

इथे काहीजण गिऱ्हाईक सांभाळायला जुना बसवतात, काहीजण डोळे झाकून नवीन घालतात. मोजून बघत मात्र दोघेही नाहीत.

आधी विचारा, इंजिन खोलायची वेळ का आली? नुसता धूर आणि रिंगा घासलेल्या, ही एक गोष्ट. बेअरिंग गेलं, ही वेगळीच गोष्ट. पंप चेंबरमधलं ऑइल खेचून फिल्टरकडे ढकलतो, म्हणजे तो फिल्टरच्या आधी येतो. त्याच्या आधी असते फक्त जाळी. बेअरिंगचा बारीक चुरा त्या जाळीतून निसटतो आणि थेट पंपाच्या गिअरमधून फिरतो. बेअरिंग फुटलेलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पंप बदला, वाद नको. क्रँक आणि ब्लॉकमधले ऑइलचे मार्गही धुऊन, हवा मारून साफ करा, नाहीतर तोच चुरा नव्या बेअरिंगवर येईल.

बाकी वेळी मोजा. पंपाचं कव्हर काढा, आतला भाग पुसा. कव्हरवर नख फिरवून ओरखडे लागतात का बघा. मग सरळ पट्टी आणि फिलर गेज घेऊन गिअरच्या दातांमधली, गिअर आणि बॉडीमधली आणि गिअर व कव्हरमधली गॅप तपासा. छोट्या इंजिनांत मर्यादा बहुधा ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या घरात असते, पण नक्की आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. एवढीशी गॅप हाताला कळत नाही. म्हणून "मस्त फिरतोय" याला काही अर्थ नाही. रिलीफ व्हॉल्व्हही काढून बघा. तो उघडा अडकला तर चांगल्या पंपाचंही प्रेशर पडतं.

एक फसवी गोष्ट सांगतो. पंप ऑइल ढकलतो, पण प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या घट्ट गॅपमुळे. नवीन बेअरिंग घातलं की थकलेला पंपसुद्धा थंड इंजिनावर छान प्रेशर दाखवतो. खरी परीक्षा इंजिन तापल्यावर, आयडलिंगला. तेव्हा ऑइल पातळ होतं आणि पंप हळू फिरत असतो.

आता पैशाचं. समजा नवीन पंप २,५०० रुपयांचा आणि पूर्ण काम ४५,००० चं. गिऱ्हाइकाला वाटतं आपण २,५०० वाचवतोय. पण पंपानं दगा दिला तर क्रँक, बेअरिंग, मजुरी सगळं पुन्हा. त्यात तुमची जागा अडकते, त्याच्या टेम्पोच्या फेऱ्या बुडतात, आणि स्टँडवर तो तुमच्या गॅरेजबद्दल काय बोलेल ते वेगळं. उलट, ओळखीच्या नसलेल्या दुकानातून स्वस्तातला डुप्लिकेट पंप आणणार असाल, तर मापात बसणारा जुना ओरिजिनल पंप कधीही बरा. नवीन आणला तरी बसवण्याआधी तोही मोजा.

एस्टिमेटमध्ये पंपाची ओळ पहिल्या दिवशीच वेगळी लिहा: "तपासून ठरेल, लागल्यास अमुक रुपये." शेवटी सांगितलेला खर्च गिऱ्हाइकाला लूट वाटतो. पंप मापात असेल आणि जुनाच बसवला, तर मोजलेली गॅप बिलावर लिहा. मापाबाहेर असेल आणि तरी गिऱ्हाईक ऐकत नसेल, तर हात जोडून काम सोडा. गॅरंटी नाही असं लिहून घेतलं तरी नाव तुमचंच निघतं.

आणि पंप जुना असो वा नवा, बसवताना त्यात ऑइल भरा. पहिल्यांदा चालू करताना इंजिन पेटू न देता स्टार्टरवर थोडं थोडं फिरवा. ऑइलचा दिवा विझला की मगच स्टार्ट करा.