पाण्यावरील चित्रशाळा

पेणचे गणपतीचे कारखाने तुम्ही पाहिलेच असतील. तेथील रंगारी मूर्ती पुढ्यात घेऊन शांतपणे डोळ्यांची आखणी करतो. मूर्ती जागची हलत नाही. परंतु रोह्याच्या कुंडलिका नदीचे चित्र काढावयाचे झाले तर? नदी काही कारखान्यात आणून ठेवता येत नाही. शिवाय तिचे रूप घटकेघटकेस पालटते. तेव्हा चित्रकारानेच नदीकडे गेले पाहिजे.

फ्रान्स देशातील शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी (१८१७-१८७८) या चित्रकाराने हेच केले. पूर्वी चित्रकार बाहेर जाऊन कच्ची रेखाटने करीत व मोठे चित्र घरी बसून पुरे करीत. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंग भरण्यासाठी कथलाची नळी शोधून काढली. त्यामुळे रंग बरोबर नेणे सोपे झाले. १८५७ साली दोबिन्यीने एक नाव घेतली, तीवर लहानशी खोली उभारली आणि सेन व वाज या नद्यांतून तो चित्रे काढीत हिंडू लागला. काठावर उभे राहणारास समोरचा तीर तेवढा दिसतो. दोबिन्यीला मात्र प्रवाहाच्या मध्यातून दोन्ही तीर, त्यांची पाण्यातील प्रतिबिंबे आणि वर पसरलेले आकाश एकदमच दिसे.

त्याच्या चित्रांना नावे ठेवणारेही होते. १८६१ साली तेओफील गोतिये या टीकाकाराने तक्रार केली, की हा चित्रकार मनावर उमटलेल्या पहिल्या ठशावरच समाधान मानतो. दोबिन्यीने आपली वाट सोडली नाही. १८७० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनासाठी क्लोद मोने या तरुणाची चित्रे नाकारली गेली, तेव्हा निवड मंडळाचा सभासद असलेल्या दोबिन्यीने निषेध म्हणून आपली जागा सोडली.

पुढे मोनेनेही आर्जांतय गावी सेन नदीवर अशीच एक नाव चित्रशाळा म्हणून वापरली. एद्वार माने या त्याच्या मित्राने १८७४ साली नावेत बसून रंगविणाऱ्या मोनेचेच चित्र काढले. त्याच वर्षी मोने व त्याच्या सोबत्यांना एका टीकाकाराने थट्टेने ‘ठसेवाले’ म्हटले. ते थट्टेचे नाव त्यांनी पुढे आपलेसे केले. मराठीत त्यांच्या पंथास दृक्प्रत्ययवाद म्हणतात.

तुम्हीही एकदा कुंडलिकेचे पाणी सकाळी पाहा आणि सायंकाळी पुन्हा पाहा. एकच नदी रंगविण्यासाठी दोबिन्यीला पुनःपुन्हा नाव का सोडावी लागली, ते तुमच्या ध्यानी येईल.