पोटाची अँजिओग्राफी आणि आतड्याला होणारी इजा

तपासणीचे स्वरूप
पोटातील महाधमनी व तिच्या शाखांचे क्ष-किरणांनी केलेले चित्रण म्हणजे पोटाची अँजिओग्राफी. लिस्बनच्या दुश सांतुश यांनी 1929 मध्ये कमरेतून थेट महाधमनीत सुई घालून ते साधले. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकवण्याची रीत दिली. आज जांघेतून किंवा हातातून ही नळी, म्हणजे कॅथेटर, नेऊन आयोडीनयुक्त डाय सोडतात.

आतड्याचा संबंध
महाधमनीच्या एका शाखेवर लहान आतडे व मोठ्या आतड्याचा उजवा भाग पोसला जातो, दुसऱ्या बारीक शाखेवर डावा. दोन्हींच्या हद्दी प्लीहेजवळच्या वळणावर मिळतात. पाटाच्या शेवटच्या शेतासारखी या वळणाची गत. रक्तदाब घसरला की झळ बहुधा तिथे आधी लागते.

इजा कशी होते
पूर्वी दाट डाय एकाच शाखेत जोराने शिरून आतडे सडल्याच्या घटना घडत. आताचा डाय सौम्य आहे. आज अधिक लक्ष द्यावे लागते ते कोलेस्टेरॉलकडे. वय, धूम्रपान, मधुमेह यांनी महाधमनीच्या अस्तरावर चरबीचे थर साचतात. कॅथेटर घासला की त्यांतील स्फटिक सुटून बारीक धमन्यांत अडकतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने ते विरघळत नाहीत. स्फटिक काही दिवस, कधी काही आठवडे सुटत राहतात, म्हणून तपासणीशी त्रासाचा संबंध चटकन जुळत नाही. पायाचे बोट निळसर, पण घोट्याजवळची नाडी व्यवस्थित, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनीन चढते: ही विसंगती मोठा सुगावा ठरते. गुठळी किंवा अस्तर फाटणे ही इतर कारणे. एकूण हा प्रकार विरळाच.

लक्षणे
वेदना तीव्र, पण दाबून पाहिल्यास पोट मऊ. पुढे रक्तमिश्रित जुलाब, पोट फुगणे, ताप. जुन्या वस्त्यांत फक्त ज्येष्ठ दांपत्य राहते अशी घरे पुष्कळ. तिथे दुखणे गॅसवर ढकलून ओवा-हिंगावर रात्र काढली जाते आणि मोलाचे तास जातात.

निदान व उपचार
सीटी अँजिओग्राफी, रक्तातील लॅक्टेट व कोलोनोस्कोपी यांवर निदान होते. सौम्य इजा सलाइन व आतड्याला विश्रांती दिल्यावर भरून येते. मृत भाग मात्र कापावाच लागतो. स्फटिकांवर खात्रीचे औषध नाही.

पर्याय आणि मर्यादा
सीटीत डाय हाताच्या शिरेतून जातो, महाधमनीत काही घासत नाही. डायचा मूत्रपिंडावरचा ताण मात्र राहतोच. स्टेंट घालायचा किंवा रक्तस्राव आतून थांबवायचा, तर कॅथेटरला पर्याय नाही. अँजिओग्राफीला महिना उलटलेला असला, तरी पोटदुखी सांगताना तिची तारीख डॉक्टरांच्या कानावर घालावी.