अमेरिकेचं सगळ्यात प्रभावी विमान कुठलं? डिलीट करून बघू

हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढला असाल, तर आजचा एपिसोड वाचून काढा.

विषय निघाला आमच्या फ्लॅटवर, रात्री मॅगी खाताना. अमेरिकेत बनलेल्या विमानांपैकी जगावर सगळ्यात जास्त परिणाम कुणाचा? आम्ही चौघं आणि उत्तरंही चार: राइट बंधूंचं विमान, जंबो ७४७, बी-२९ आणि माझं डीसी-३. अर्धा तास जो तो आपलं लाडकं विमानच पुढे रेटत होता. शेवटी मी म्हटलं, ऑफिसमध्ये करतो तसं करू. एखादी लायब्ररी किती महत्त्वाची हे कळत नसेल, तर ती डिलीट करायची आणि काय काय मोडतं ते बघायचं.

राइट फ्लायरपासून सुरुवात. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, अंतर साधारण ३७ मीटर. पहिलेपणाचा मान त्याचाच, वाद नाही. पण ते नसतं तरी १९०६ मध्ये पॅरिसला सांतोस-द्युमाँ उडालाच असता. म्हणजे थोडा उशीर, बस.

७४७ काढताना जिवावर येतं. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं गेलं, तेव्हा मीसुद्धा त्याचे व्हिडिओ परत परत बघितले होते. गंमत म्हणजे बोइंगला वाटत होतं, पुढे प्रवासी स्वनातीत विमानांनी जातील आणि जंबोला माल वाहावा लागेल. नाक उघडून माल भरता यावा म्हणून कॉकपिट वर नेलं, त्यातून ते कुबड आलं. पण डीसी-१० आणि ट्रायस्टार ही रुंद विमानं १९७० मध्येच उडाली होती. जंबो नसतं तरी स्वस्त लांबचा प्रवास फार अडला नसता.

आता डीसी-३. १९३३ मध्ये बोइंगचं २४७ आलं, दहा प्रवाशांचं आणि त्या काळी एकदम आधुनिक. पण पहिली ६० विमानं युनायटेडसाठी राखीव. टीडब्ल्यूएला हवी होती, मिळेनात. मग त्यांनी डग्लस कंपनीला गाठलं आणि त्यातून डीसी-१, डीसी-२ झाली. पुढे अमेरिकन एअरलाइन्सच्या सी. आर. स्मिथना रात्रीच्या प्रवासासाठी झोपायचे बर्थ हवे होते, म्हणून विमान रुंद केलं. बर्थ काढून खुर्च्या लावल्या तर १४ च्या जागी २१ मावल्या! उडवायचा खर्च मात्र त्या मानाने थोडाच वाढला.

इथेच सगळी मेख आहे. तोपर्यंत अमेरिकेतल्या विमान कंपन्या मुख्यतः सरकारी टपालाच्या पैशांवर जगायच्या, प्रवासी म्हणजे वरकमाई. नुसते प्रवासी नेऊन पैसे कमावणारं पहिलं विमान हेच, असं स्मिथ म्हणायचे. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चं. तारीख बघितलीत? राइट बंधूंचीच, ३२ वर्षांनंतर.

मग महायुद्ध आलं. सी-४७ या लष्करी नावाने दहा हजारांहून जास्त बनली. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात विकायला निघाली आणि देशोदेशीच्या कंपन्या त्यांवर उभ्या राहिल्या. आपल्याकडे याचं नाव डकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डकोटातून. आणि नागपूरकरांनो, ही तुमच्यासाठी: १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. सुरुवातीला तीही डकोटाच. आज कुरिअर कंपन्या ज्याला हब म्हणतात, तेच हे. डीसी-३ डिलीट केलं तर हे सगळं लटकतं, कारण इतकं स्वस्त, दणकट आणि हजारोंनी पडून असलेलं दुसरं काही नव्हतं.

मी जिंकलो असं वाटत असताना बी-२९ वाला रूममेट म्हणाला, ‘प्रभाव म्हणजे फक्त चांगलाच, हे कुणी ठरवलं?’

यावर मी गप्प. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारी विमानं बी-२९ च होती. १९४४ मध्ये ती आपल्या बंगालमधल्या खडगपूरहूनही उडायची. त्याच वर्षी काही सोव्हिएत हद्दीत उतरली, तर स्टालिनने ती उघडून हुबेहूब टीयू-४ बनवून घेतलं. अण्वस्त्रांच्या शर्यतीत रशियाला पहिलं लांब पल्ल्याचं विमान मिळालं ते असं. हे डिलीट केलं तर काय मोडतं, आणि काय वाचतं? माझी टेस्ट इथे क्रॅश होते. जपानशी युद्ध किती लांबलं असतं, किती माणसं गेली असती, हे कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही.

मतदान झालं: डीसी-३ ला दोन, बी-२९ ला दोन. राइटवाला माझ्याकडे आला, जंबोवाला तिकडे गेला. मी अजून डीसी-३ वरच आहे, पण रात्री अकराला होतो तितका ठाम नाही.