पोराचा पक्का दात का येत नाही?



पोराचा दुधाचा दात पडला की तो कौलावर टाकायचा आणि नव्याची वाट बघायची, हे घरोघरी चालतं. वरचे समोरचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी. थोडं मागंपुढं होतंच, त्याची काळजी नको. पण एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूला नुसती हिरडी, किंवा तिथला दुधाचा दात हलतसुद्धा नाही, तर "येईल सावकाश" म्हणत बसू नका. दातांच्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या.

कारणं बरीच असतात. लहानपणी तोंडावर पडल्यानं दात अडतो, कधी जबड्यात जागाच नसते. आणखी एक कारण म्हणजे दाताचीच गाठ. डॉक्टर तिला ओडोन्टोमा म्हणतात.

ती होते कशी? जबड्याच्या हाडात दाताचा कोंब असतो. त्यातून एक दात घडला की काम थांबायला हवं. इथं ते भरकटतं. एका जागी एक दाणा टोकायचा तिथं मूठभर पडावेत, तसं होतं. कधी तांदळाएवढे बारीक दात एका पिशवीत भरलेले सापडतात, बहुतेकदा वरच्या जबड्यात पुढं. कधी दाताच्याच पदार्थाचा ओबडधोबड गोळा होतो, तो जास्त करून खाली मागं. खरा दात त्याच्याआड अडकून राहतो.

२०१४ साली विदर्भातला १७ वर्षांचा एक मुलगा सुजलेला जबडा घेऊन मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोचला. डॉक्टरांनी त्याच्या जबड्यातून लहान-मोठे २३२ दात काढले. २०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ निघाले. ही टोकाची उदाहरणं. एरवी गाठ लहान असते आणि दुखत नाही, म्हणून तर कळत नाही.

गाठ म्हटलं की घरात कॅन्सरचं नाव निघतं आणि सगळ्यांची झोप उडते. ही गाठ कॅन्सर नव्हे, अंगात पसरत नाही. मात्र जबड्याची प्रत्येक सूज हीच असेल असंही नाही, ते तपासल्यावरच ठरतं. तोवर चुन्याचा लेप आणि शेक यांत महिने घालवू नका.

मुलगी असली की आणखी एक अडचण. "ऑपरेशननं चेहरा बिघडेल, पुढं लग्नाचं काय?" म्हणून सूज पदराआड राहते. अहो, ही गाठ बहुधा तोंडाच्या आतूनच काढतात, गालावर व्रण राहत नाही. उलट ती वाढू दिली तर जबड्याचं हाड पोखरतं, मग ऑपरेशनही मोठं होतं.

खर्चाची धास्ती असेल तर शाळेत आणि अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला जे सरकारी पथक येतं त्यांना दाखवा. ते पुढं पाठवतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

गाठ पिशवीसकट नीट निघाली तर सहसा पुन्हा होत नाही. अडकलेला दात वेळेत मोकळा झाला तर पुष्कळदा आपणहून खाली येतो, नाहीतर तार लावून ओढून आणतात. निघालेली गाठ तपासणीला जाते, त्याचा कागद जपून ठेवा. आणि सांगितलेल्या तारखेला पोराला परत न्या, दात उतरतोय का ते त्या दुसऱ्या एक्स-रेतच दिसतं.